मूल नसलेल्या बाईला जागा कोठे?
(आफ्रिकेतील भगिनींविषयी एक अभ्यास)



कुटुंबाविषयी बोलताना मुलांचे शिक्षण, त्यांच्यावरील संस्कार, वडीलधाऱ्यांची देखभाल हे विषय हटकून निघतात. ज्या घरात पाळणा हललाच नाही, त्या घराविषयी मात्र आपण दबक्या आवाजात बोलतो, आणि तेही त्या घरातली बाई समोर नसताना. आज आम्ही हाच विषय अभ्यासासाठी घेतला आहे. तो समजून घेण्यासाठी जरा दूर, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जाऊ या.

आफ्रिकाच का, असे आपण विचाराल. तिथे तर घरोघर मुलेच मुले! होय, जगात सर्वाधिक जन्मदर याच भागात आहे. एका बाईला सरासरी चाराहून अधिक मुले होतात. आणि नेमक्या याच कारणाने, जिला एकही नाही ती गर्दीत उठून दिसते. सगळ्या शेजारणींच्या पाठीवर बाळ बांधलेले असते, तिची पाठ मोकळी असते. अशा बाईला समाज कसे वागवतो यावर तिथे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांतून हाती येणाऱ्या काही गोष्टी आपल्यालाही विचार करायला लावतील.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आफ्रिका हा एक देश नव्हे. तिथे पन्नासहून अधिक देश आहेत, हजाराहून अधिक भाषा आहेत. नायजेरियाच्या एका गावात जे घडते ते मोझांबिकमध्ये घडेलच असे नाही. म्हणून आम्ही शक्य तिथे जागेचे आणि लोकांचे नाव घेऊनच लिहिणार आहोत.

नावापासून सुरुवात

आपल्या वाडीत बाईला तिच्या नावाने हाक मारणारे कमीच. ती असते ‘अमक्याची आई’. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत अगदी हीच पद्धत आहे. पहिल्या मुलाचे नाव जुमा असेल तर ती ‘मामा जुमा’. नायजेरियातील योरुबा लोकांत नव्या सुनेला सासरची मंडळी ‘इयावो’ म्हणजे नवरी म्हणतात, आणि मूल झाले की ती ‘इया बोला’, म्हणजे बोलाची आई होते. मूल झालेच नाही तर? केस पिकू लागले तरी ती सासरी नवरीच! कोणी तिला शिवी दिलेली नसते, कोणी हात उगारलेला नसतो. केवळ हाकेतूनच तिला रोज आठवण करून दिली जाते की तुझे अजून काही ठरलेले नाही.

कॅमेरूनच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात बांगांग्ते नावाचे एक जुने राज्य आहे. पामेला फेल्डमन-सॅवेल्सबर्ग या अमेरिकन अभ्यासिका १९८० च्या दशकात तिथे राहिल्या आणि १९९९ साली त्यांनी त्यावर एक पुस्तक लिहिले. तिथे एका पुरुषाला अनेक बायका असल्या तर प्रत्येकीचे स्वयंपाकघर वेगळे असते. चुलीभोवती तिची मुले जेवतात, गोष्टी ऐकतात, तिथेच झोपतात. बाईचे सगळे राज्य म्हणजे ते स्वयंपाकघर. गर्भधारणेविषयी बोलतानाही तिथले लोक स्वयंपाकाचेच शब्द वापरतात. नवरा-बायको मिळून मूल ‘शिजवतात’. आणि मूल होत नसले की म्हणतात, कोणीतरी तिचे स्वयंपाकघर लुटले. हा लुटारू म्हणजे चेटूक करणारी जाऊ, सवत किंवा नातलग असल्याचा संशय. गंमत अशी की त्या भागात वंध्यत्वाचे प्रमाण फार मोठे नव्हते. प्रमाण कमी असूनही भीती मात्र प्रत्येक बाईच्या मनात होती. ज्या एका गोष्टीवर बाईचा सगळा मान उभा असतो, ती हातची जाईल याची भीती मोठीच असणार!

मेल्यानंतरही

केनियाचे विचारवंत आणि अँग्लिकन धर्मगुरू जॉन म्बिती (२०१९ साली ते निवर्तले) यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात याच्या मुळाशी असलेली एक समजूत समजावून सांगितली आहे. अनेक आफ्रिकी समाजांत मेलेला माणूस लगेच ‘गेला’ असे धरत नाहीत. जोपर्यंत त्याला नावाने ओळखणारे कोणी आहे, तोपर्यंत तो कुटुंबातच असतो. त्याच्या नावाने घास ठेवला जातो, पेयाचे चार थेंब जमिनीवर ओतले जातात. चार-पाच पिढ्यांनी नाव विसरले की मग तो खरा जातो. आता ज्याला मूल नाही त्याचे नाव कोण घेणार? म्हणजे त्याचे मरण दुहेरी.

आपण २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतो. ज्या थडग्यावर कोणीच येत नाही त्याकडे पाहून मनात काय येते ते आठवा. मग म्बिती काय म्हणतात ते समजायला वेळ लागत नाही. पोटी मूल नसणे ही तिथे केवळ एका जोडप्याची खंत राहत नाही. पूर्वजांपासून चालत आलेली साखळी आपल्यापाशी तुटली, असा आरोप त्या बाईवर येतो. काही ठिकाणी तर तिला पुरतानाही वेगळे वागवले जाई.

ज्या समाजात वधूमूल्य देऊन मुलगी आणतात, तिथे याला आणखी एक धार येते. दक्षिण आफ्रिकेत त्याला ‘लोबोला’ म्हणतात. मूळ रीत गुरे देण्याची, आता बहुधा पैसे देतात. हुंड्याच्या उलट हा व्यवहार, म्हणून तो बाईच्या बाजूचा असे आपल्याला वाटेल. पण गुरे दिली ती तिच्या पोटी येणाऱ्या वंशासाठी, असा हिशेब सासरच्या मनात असतो. वंश आला नाही की ते विचारतात, आमच्या गुरांचे काय? मग दुसरी बायको आणणे, हिला माहेरी धाडणे हे ओघाने येते. तिच्या जमिनीचे, शेताच्या तुकड्याचे हक्कही डळमळतात. म्हातारपणी पोसणारे कोणी नाही ही चिंता वेगळीच. तिथल्या खेड्यांत पेन्शन कुठले?

सगळीकडे सारखे नाही

येथवर वाचून आपण म्हणाल, बिचाऱ्या बायका, रूढीच तशी! पण अभ्यासाचा खरा उपयोग इथेच होतो. मारिडा होलोस, उला लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नायजेरियातल्या दोन समाजांची तुलना प्रसिद्ध केली. एक इजो, नायजर नदीच्या मुखाकडे राहणारे. त्यांच्यात कुळ बापाकडून चालते. दुसरे याकुर, क्रॉस नदीच्या भागातले. त्यांच्यात माणसाचे बापाकडचे आणि आईकडचे अशी दोन्ही कुळे मानली जातात. दोन्हीकडे मुलांची हौस सारखीच. दोन्हीकडे मूल न होणे हे दुःखच. पण इजो समाजात मूल नसलेल्या बाईला पूर्ण वाढलेली स्त्री असे स्थानच मिळत नव्हते. पुष्कळ जणी गाव सोडून शहरात जात आणि उतारवयात परतत. याकुर बाईच्या पाठीशी मात्र तिच्या आईकडचे कुळ उभे राहत होते. ती व्यापार करी, बहिणीची मुले आपल्याकडे ठेवून वाढवी, चारचौघींत बसे-उठे.

उत्तर मोझांबिकच्या मकुआ लोकांतही वंश आईकडून चालतो. तिथे काम केलेल्या डच अभ्यासिका ट्रूडी गेरिट्स यांना आढळले की मूल नसलेल्या बाईला काही विधींमधून वगळत असत, तो डंख होताच. तरी तिचे माहेर तिचे राहत असे, तिला निराधार व्हावे लागत नसे.

आमच्या मते या साऱ्या अभ्यासांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. गर्भाशय दोन्हीकडे तेच, दुःखाचे माप वेगवेगळे. म्हणजे या बाईच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा बराचसा भाग निसर्गाने दिलेला नसतो. जमीन कोणाच्या नावे, म्हातारपणी आधार कोणाचा, माहेरचे दार उघडे की बंद, यावर तो ठरतो. आणि या गोष्टी माणसांच्या हातातल्या आहेत.

दोष कोणाचा?

सगळीकडे पहिले बोट बाईकडे. नवऱ्याची तपासणी करायची असते हेच पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते. वैद्यकशास्त्र सांगते की मूल होत नसलेल्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणही असते, एकटे किंवा बाईकडील कारणाच्या जोडीने. नायजेरियन लेखिका लोला शोनेयिन यांच्या २०१० च्या कादंबरीत बाबा सेगी नावाच्या गृहस्थाला चार बायका असतात. चौथी शिकलेली, तिला मूल होत नाही म्हणून तो तिला इस्पितळात नेतो, आणि तपासणीत दोष निघतो त्याच्यातच! मग आधीच्या बायकांच्या मुलांचे काय? ते आम्ही इथे सांगत बसत नाही. पण ‘नवऱ्यात दोष’ हे शब्द उच्चारता येत नाहीत अशा घरात बायकांना काय काय करावे लागते ते त्या गोष्टीतून कळते.

आफ्रिकेत आणखी एक कारण ठळक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २५ देशांत केलेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. आफ्रिकेतील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत मूल न होण्याचे कारण जुन्या संसर्गाशी निगडित होते. जगाच्या इतर भागांत हे प्रमाण बरेच कमी होते. हा संसर्ग गुप्तरोगांचा असतो, पुष्कळदा नवऱ्याकडून आलेला. किंवा अस्वच्छ बाळंतपणात, धोकादायक गर्भपातात झालेला. म्हणूनच तिथे पहिल्या मुलानंतर दुसरे न होणाऱ्या बायकाही खूप आहेत, आणि त्यांचीही सुटका नसते.

याला इतिहासही आहे. कॅमेरून आणि गॅबनपासून काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक असा एक पट्टा आहे. १९५० च्या दशकात बेल्जियन काँगोत मोठी लोकसंख्या पाहणी झाली तेव्हा काही जिल्ह्यांत पाच वयस्क बायकांपैकी एकीहून अधिक अशा होत्या ज्यांना आयुष्यात एकही मूल झाले नव्हते. राजा लिओपोल्डच्या राज्यात (१८८५ ते १९०८) रबरासाठी गावे उठवली गेली, माणसे मजुरीला आणि शिपाईगिरीला हाकली गेली, आणि त्यांच्या मागोमाग रोग पसरले. पेनिसिलिन आल्यावर, मोहिमा काढून उपचार झाल्यावर हे प्रमाण उतरत गेले. ज्या बायकांना चेटकाची बळी किंवा शापित म्हटले गेले, त्यांतल्या कित्येकींना एका इंजेक्शनची गरज होती.

दारोदार

मग ही बाई काय करते? ती फिरते. आधी घरचा औषधी पाला, मग वैदू, मग भविष्य सांगणारा, मग इस्पितळ, पुन्हा वैदू. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या ग्रूट स्खूर इस्पितळात डॉ. सिल्के डायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचारासाठी आलेल्या तीस बायकांशी बोलून २००२ साली लिहिले. नवरा सोडून जाण्याची भीती, टोमणे, मारझोड, आणि हे सगळे कोणापाशी बोलायची चोरी, असे अनुभव त्यांत पुन्हा पुन्हा येतात. पुढे त्यांनी पुरुषांचीही मनोगते घेतली. तेही आतून खचलेले होते, पण त्यांना तर बोलायला आणखीच लाज. टांझानियातील म्वान्झा येथे १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात मूल होत नसलेल्या बायकांत एचआयव्हीचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले. लग्न मोडते, दुसरे जुळते, तेही मोडते. त्यात हा धोका वाढतो.

जिथे इतकी आस आहे तिथे लुबाडणारेही येतातच. प्रार्थनासभेत नाव नोंदवा, इतके पैसे ठेवा, वर्षात पाळणा हलेल, अशी आश्वासने देणारे स्वयंघोषित प्रेषित तिथल्या शहरांत पुष्कळ आहेत. लंडनमधील एका पूर्व आफ्रिकी उपदेशकाच्या सभेतून अपत्यहीन बायकांना ‘चमत्काराने’ बाळे झाल्याचे सांगितले जात होते. २००४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने अशा एका बाळाबाबत स्पष्ट केले की त्यात चमत्कार कसलाच नव्हता, ते मानवी व्यापाराला बळी पडलेले मूल होते. कोणा दुसऱ्याच आईचे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वंध्यत्वाच्या प्रतिबंधाविषयी व उपचाराविषयी पहिल्यांदाच जागतिक मार्गदर्शक सूचना काढल्या. साधी तपासणी, संसर्गाचा वेळीच उपचार, दोघांचीही चौकशी, आणि स्वस्त दर. वर सांगितलेल्या बायकांसाठी हे सारे तीस वर्षांपूर्वीच व्हायला हवे होते असे आम्हांला वाटते.

ख्रिस्तसभेच्या अंगणात

आफ्रिकेतील धर्मगुरूंसमोर या विषयाचा एक नेहमीचा प्रश्न येतो. पारंपरिक रीतीने लग्न झालेली जोडपी चर्चमधला विवाह वर्षानुवर्षे लांबवतात. खर्च हे एक कारण. दुसरे असे की आधी मूल होऊ द्या, मग बघू. कारण चर्चमध्ये एकदा लग्न लागले की दुसरी बायको करता येत नाही. अशा वेळी ज्या बाईला मूल होत नाही तिचा विवाह साक्रामेंत कधीच होत नाही, आणि ती ख्रिस्तप्रसादापासूनही दूर राहते. म्हणजे घराच्या दाराबरोबर दुसरेही एक दार तिला अर्धवट बंद.

ख्रिस्तसभेचा नियम याबाबत पूर्णपणे स्पष्ट आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम १०८४ सांगते की वंध्यत्वामुळे विवाहाला मनाई होत नाही आणि विवाह रद्दही ठरत नाही (फसवून लग्न केले असेल तर तो प्रश्न वेगळा). पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या कुटुंबविषयक पत्रात लिहिले की मूल होऊ शकले नाही म्हणून वैवाहिक जीवनाचे मोल कमी होत नाही. कागदावरचा हा नियम गावातल्या सासूपर्यंत पोहोचवणे हे तिथल्या धर्मगुरूंचे व धर्मशिक्षकांचे खरे काम, आणि ते सोपे नाही.

पण याविषयी सर्वांत धीट आवाज उठवला तो एका मेथडिस्ट भगिनीने. घानाच्या मर्सी अम्बा ओडुयोये या नामवंत ईशज्ञानतज्ज्ञ. आफ्रिकी महिला ईशज्ञानतज्ज्ञांचे जे मंडळ १९८९ मध्ये आक्रा येथे सुरू झाले त्याच्या त्या संस्थापिका. त्या जन्माने आकान, म्हणजे आईकडून वंश चालणाऱ्या समाजातल्या. लग्न झाले नायजेरियातील योरुबा गृहस्थाशी, म्हणजे बापाकडून वंश चालणाऱ्या घरी. त्यांना मूल झाले नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी हे उघडपणे मांडले. सारा, हन्ना, एलिझाबेथ यांच्या कथा चर्चमध्ये सांगितल्या जातात, पण त्या सगळ्या शेवटी बाळ होऊनच संपतात. ज्यांना ते झालेच नाही त्यांनी कोणती कथा ऐकायची, हा त्यांच्या लिखाणातून उभा राहणारा प्रश्न. ‘फलद्रूप व्हा’ हे वचन केवळ बाळंतपणाने पुरे होत नाही, माणसाने माणुसकीची वाढ करण्याचे आणखीही मार्ग आहेत, असे त्या मांडतात. आम्हांला त्यांचे हे म्हणणे पटते. हन्नाला तिच्या नवऱ्याने विचारले होते की मी तुला दहा पुत्रांहून अधिक नाही का. शमुवेल जन्मला नसता तरी तो प्रश्न तसाच खरा राहिला असता.

कन्यालेंग

आता शेवटी गॅम्बिया या छोट्या देशातली एक रीत सांगतो. तिथल्या मांडिंका आणि जोला बायकांत ‘कन्यालेंग’ नावाच्या मंडळ्या असतात. ज्यांना मूल होत नाही, किंवा होऊन जगत नाही, अशा बायका या मंडळीत येतात. लोक आपल्याला हसणारच ना, मग आपणच हसवू, असा त्यांचा खाक्या. फाटके किंवा पुरुषी कपडे घालायचे, गळ्यात वाटेल ते अडकवायचे, लग्नात आणि बारशाला जाऊन नाचायचे, गाणी म्हणायची, भीक मागायची, इतर बायकांना बोलता येत नाही ते खुशाल बोलून टाकायचे. त्यांना कोणी रागावत नाही. मंडळीतल्या एखादीला पुढे मूल झालेच तर त्याला मुद्दाम कसलेतरी ओंगळ नाव देतात, म्हणजे वाईट शक्तींची नजर त्याच्यावर पडू नये. (हे वाचताना आम्हांला आपल्याकडचे दगडू, धोंडू, केरू आठवले. आधीची मुले दगावलेल्या आयांनी ठेवलेली ही नावे. समुद्रापलीकडच्या आयांना हीच युक्ती सुचावी!)

या रीतीत अंधश्रद्धा आहे, हे खरे. पण एकटी पडलेली बाई त्या मंडळीत एकटी राहत नाही, हेही तितकेच खरे. अलीकडच्या काळात गॅम्बियातील आरोग्य कार्यकर्त्यांना या मंडळ्यांचा उपयोग कळला. गावात परक्या डॉक्टरचे भाषण ऐकायला कोणी येत नाही, कन्यालेंगचे ढोल वाजले की सगळे गाव जमते. म्हणून आता आजार टाळण्याचे, बाळंतपणाच्या काळजीचे निरोप त्यांच्याच गाण्यांतून दिले जातात. गाव जमते, बाळांना घेऊन आया पुढे बसतात, आणि मधोमध उभ्या राहून या बायका गातात.